आप्पा, सुरी तुमची होती

आदरणीय आप्पा,
सादर नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. धुळ्यातले पॅथॉलॉजीवाले तसेही ओळखतील. बाकीच्यांसाठी आधी काम काय होतं ते सांगते.

शिरपूरला आमच्या प्रयोगशाळेत आम्ही डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध पीएलजीए या शरीरात विरघळून जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या नॅनोकणांत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत, भरतो. प्लेटच्या तळाशी सपाट वाढलेल्या पेशींवर हे कण टाकले की पेशी भराभर मरतात आणि आलेख देखणा येतो. पण गाठ सपाट नसते. रक्तवाहिनीपासून १००-२०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे ऑक्सिजनसुद्धा धड पोचत नाही, मग औषधाची काय कथा! २०१६ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा निघाला. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण त्यात ०.७ टक्के होतं. तेही फक्त गाठीपर्यंत. आत कुठवर शिरले हा प्रश्न वेगळाच. त्यासाठी आम्ही तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींचे गोलक वाढवतो. पेशींना तळाला चिकटू दिलं नाही की त्या एकमेकींना धरतात. काही दिवसांत अर्ध्या मिलिमीटरचा गोळा तयार होतो आणि त्याच्या गाभ्यातल्या पेशी उपासमारीनं मरू लागतात, मोठ्या गाठीत मरतात तशाच.

अडचण होती ती पाहण्याची. डॉक्सोरुबिसिन स्वतःच लाल-नारिंगी चमकतं, पण थराथरानं आत पाहणाऱ्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाला अशा दाट गोळ्यात १०० मायक्रॉनच्या खाली नीट दिसत नाही. गाभा काळा दिसला, तर औषध पोचलं नाही की उजेड? कापून पाहणं भाग होतं. कापण्यासाठी नेहमीसारखा मेणाचा ठोकळा करायचा, तर त्याआधीच्या अल्कोहोल आणि झायलीन या द्रावकांत औषधच धुऊन निघतं. म्हणून गोठवून कापायचं, आणि ते यंत्र आमच्याकडे नव्हतं, तुमच्याकडे होतं. एका मोठ्या संस्थेनं ईमेलला उत्तरही दिलं नाही. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "दुपारनंतर या, सकाळी ऑपरेशनं असतात."

बर्फाच्या थर्मासात गोलकांच्या नळ्या घालून एसटीनं आले. बाहेर मे महिना, यंत्रात उणे २० अंश. नळी उजेडासमोर धरून तुम्ही म्हणालात, "हाई ते खसखसना दानाबी नही व माय!" खरंच होतं. पारदर्शक जेल गोठलं की पांढरं होतं, मग त्यातला पांढुरका गोलक कुठे आहे हेच कळत नाही. मी इओसिन या गुलाबी रंगानं रंगवू का विचारलं. मग माझं मलाच आठवलं की इओसिनही चमकतं, औषधाचा उजेड त्यात बुडेल. तुम्ही कपाटातून काळी शाई काढलीत. जबड्याच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याच्या कडेला लावता तीच, कडेपर्यंत कर्करोग आहे का हे सर्जनला २०-२५ मिनिटांत सांगताना. खाली शाईमिश्रित जेलचा थर, त्यावर आठ-दहा गोलक एका पातळीत, वर साधं जेल. वरून कापत जायचं. काळं दिसलं की गोलक संपले. ही युक्ती मला कुठल्याही शोधनिबंधात सापडली नव्हती.

१० मायक्रॉनचे काप निघाले. मधल्या कापांत औषधाचा उजेड फक्त बाहेरच्या कड्यात होता, मोठ्या कणांचा तर अगदीच काठावर. मला एवढं पुरे होतं. तुम्ही मात्र शेजारचा एक काप तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं रंगवलात, बराच वेळ भिंगाखाली पाहिलात आणि विचारलंत, "यात दोरे कुठंयत?"

तंबाखू-गुटख्यानं गेलेले जबडे तुम्ही वर्षानुवर्षं कापताय. त्या गाठींत कर्करोगाच्या पेशींचे पुंजके आणि त्यांच्याभोवती कोलॅजेन या प्रथिनाच्या दोऱ्यांची आणि ते दोरे बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींची दाट जाळी असते. आमच्या गोलकात नुसत्या कर्करोगाच्या पेशी. म्हणजे कणांची परीक्षा आम्ही सोप्या पेपरावर घेत होतो आणि त्यातही ते काठावर अडकत होते! या विषयावरचे लेख मी वाचले होते, त्यांत हे लिहिलेलंही आहे. पण डोळ्यांसमोर काप ठेवून ते कोणी दाखवलं नव्हतं. परत आल्यावर सरांनी आराखडाच बदलला. आता गोलकात फायब्रोब्लास्ट मिसळतो, आणि कण आणखी बाहेरच थांबतात. निकाल वाईट आला, पण आता त्यावर विश्वास ठेवता येतो.

पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही पुढचा नमुना यंत्रात लावायला घेतलात. ते राहू दे. पण शोधनिबंधात तुमचं नाव नुसतं आभारात टाकावं हे मला पटत नव्हतं, सरांनाही नाही. गोलक जेलमध्ये बसवण्याची पद्धत तुमची, दोऱ्यांचा तो प्रश्न तुमचा. म्हणून सहलेखकांच्या यादीत तुमचं नाव घातलंय. इथे नाव नको म्हणालात ते ऐकलं. तिथलं ऐकणार नाही. नियतकालिकाच्या फॉर्मवर तुमची सही लागते आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव. सोमवारी दुपारनंतर येते.

तुमची,
शिरपूरची विद्यार्थिनी