डिस्चार्जच्या कागदावर मनाचाही रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर घ्यायच्या काळजीवरचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. पथ्य, चालणे, गोळ्यांच्या वेळा, कोलेस्टेरॉल, सगळे नीट समजावून सांगितले आहे. पण झटक्यातून वाचलेल्या माणसाच्या मनाचे काय होते, याबद्दल त्यात एक ओळही नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात गाडी नेमकी तिथेच अडली होती, म्हणून हे पत्र.

ह्यांना झटका आला तेव्हा वय ५९. वेळेत नेले, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला आणि पाचव्या दिवशी घरी आलो. डिस्चार्जचा कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. रक्तदाब, साखर, हृदयाचे पंपिंग ५० टक्के, सात औषधे, पुढच्या तपासणीची तारीख. रोज एकदा वाचायचे. आकडे सगळे चांगले होते.

चालण्यासाठी मुलाने नवे बूट आणून दिले. ‘उद्यापासून जातो,’ असे हे रोज म्हणत. चौथ्या आठवड्यात केर काढताना पलंगाखालचे बूट बाजूला सरकवले, तर दुकानात आत कोंबलेला कागदाचा बोळाही अजून तसाच होता. पहाटे तीन-साडेतीनला मला जाग यायची तेव्हा हे पलंगाच्या कडेला, पाय खाली सोडून, भिंतीकडे बघत बसलेले असायचे. काय होतंय विचारले की, ‘काही नाही, झोप तू.’

मग एका शनिवारी गोळ्यांच्या डबीत बुधवारचा कप्पा भरलेला दिसला. शुक्रवारचाही. ‘विसरलात का?’ विचारले. ‘विसरलो नाही. घेऊन काय होणार आहे?’ स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मधेच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, हे मला आधी सांगितलेले होते. त्या दिवशी मी किती घाबरले, ते लिहून सांगता येणार नाही.

येणारे-जाणारे म्हणत, एवढे मोठे दुखणे झाले, थोडे असे होणारच. मलाही ते पटायचे. थकवा हृदयाच्या खात्यावर जात होता, उडालेली झोप औषधांच्या आणि मंदावलेली भूक वयाच्या. उदासीचा आजार ओळखू येत नाही तो यामुळेच. शरीराच्या आजाराच्या आणि त्याच्या खुणा एकसारख्याच असतात. काही जण ‘मन खंबीर करा’ असेही सांगून गेले. त्याचा मात्र मला अजून राग आहे. मधुमेह झालेल्याला कोणी ‘स्वादुपिंड खंबीर करा’ म्हणते का?

पहिल्या दोन्ही तपासण्यांत ईसीजी झाला, रक्तदाब बघितला. छातीत दुखते का, धाप लागते का? नाही, नाही. डॉक्टर समाधानी होते, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे खरीच होती. तिसऱ्या वेळी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारले, ‘गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, आनंद होत नाही, असं किती दिवस झालं? आणि उदास, निराश, आता काही खरं नाही, असं किती दिवस वाटलं?’ हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘रोज.’ मी शेजारीच बसले होते. इतक्या वर्षांच्या संसारात मी हे दोन प्रश्न अशा शब्दांत त्यांना कधी विचारले नव्हते.

हे प्रश्न त्या बाईंनी मनाने तयार केलेले नव्हते. त्याला पीएचक्यू-२ म्हणतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, आणि बेरीज तीन किंवा जास्त झाली की नऊ प्रश्नांची सविस्तर चाचणी करतात. तिच्यातला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा असतो. हृदयरुग्णांना हे दोन प्रश्न विचारावेत, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच सुचवले आहे. झटका येऊन गेलेल्या साधारण पाचांपैकी एकाला खरे नैराश्य गाठते. झटक्यानंतर नैराश्य असलेल्यांचा पहिल्या सहा महिन्यांतला मृत्यूचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, हे माँट्रियलमधल्या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवून दिले होते. एक तर असा माणूस गोळ्या टाळतो, चालत नाही. त्याशिवाय शरीराच्या आतही फरक पडतो: कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक चढे राहते, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी जास्त चिकट होतात, हृदयाच्या ठोक्यांची नैसर्गिक लवचिकता कमी होते. मन उदास आणि शरीर ठीक, अशी वाटणी तिथे नसतेच.

उलट दिशेनेही तसेच. बाईंनी गोळी लिहून देण्याआधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावले, कारण ते कमी असले तरी माणूस असाच मलूल होतो. दोन्ही ठीक निघाले. मग हृदयरुग्णांना चालेल अशी नैराश्यावरची गोळी आणि आठवड्यातून एकदा समुपदेशन सुरू झाले. गोळीचा गुण यायला चार-पाच आठवडे गेले आणि मधले दिवस कठीणच होते. नैराश्यावर उपचार केल्याने आयुष्य वाढते, असे मी म्हणणार नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उपचारांनी उदासी कमी झाली, मृत्यूंचे प्रमाण मात्र घटले नाही. पण आमच्याकडे डबीचे कप्पे वेळच्या वेळी रिकामे होऊ लागले. एका सकाळी दाराशी बसून ह्यांनी बुटातला बोळा काढला आणि मला विचारले, ‘हा टाकू कुठे?’

रुग्णालयांना माझी विनंती एवढीच, की डिस्चार्जच्या कागदावर पंपिंगच्या टक्केवारीखाली हे दोन प्रश्न छापा आणि प्रत्येक तपासणीला त्यांचे गुण लिहा. त्याला यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात. रुग्णासोबत जाणाऱ्यांनीही डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नये. ‘ह्यांना झोप नाही, कशातच रस नाही, गोळ्या टाळतात,’ हे स्वतः सांगावे, रुग्ण डोळ्यांनी गप्प बस म्हणाला तरी सांगावे. मी दोन तपासण्या गप्प बसले होते.

आणि संपादक महाशय, पुरवणीत हृदयविकारावर पुन्हा लिहाल तेव्हा हे दोन प्रश्न ठळक चौकटीत द्या. कात्री घेऊन ती चौकट कापून ठेवणारी माणसे घरोघरी असतात.

आपली,
एक वाचक