गोडं पाणी नदीचं की बर्फाचं?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आर्क्टिकमधल्या ब्यूफोर्ट समुद्रात पाण्याचे नमुने घ्यायला तू निघालास, हे वाचून फार आनंद झाला. क्षारता मोजणारं यंत्र जहाजावर असताना ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा (त्याच्याच हलक्या-जड अणूंचा) खटाटोप कशाला, असं तू विचारतोस. क्षारता घटली की गोडं पाणी मिसळलंय एवढं कळतं, पण ते नदीतून आलं की बर्फ वितळून, हे त्यावरून ओळखता येत नाही. आर्क्टिकमध्ये तर तेच कळायला हवं: जगातल्या समुद्रजलाचा जेमतेम एक टक्का तिथे आहे, पण नद्यांचं दहा टक्क्यांहून जास्त पाणी तिथे येऊन पडतं.

उत्तरेकडच्या नद्यांत ऑक्सिजन-१८, म्हणजे जड समस्थानिक, फार कमी असतो, प्रमाण समुद्रजलाच्या तुलनेत साधारण उणे २० दर हजारी; या फरकालाच डेल्टा म्हणतात. समुद्राचं पाणी गोठून झालेल्या बर्फात मात्र तो मूळ पाण्यापेक्षा दोन-अडीच दर हजारी जास्तच भरतो. या फरकावरच सगळा हिशेब उभा आहे.

एक उदाहरण सोडवून दाखवतो. अटलांटिकचं पाणी: क्षारता ३४.९२ (साधारण किलोमागे ग्रॅम मीठ), डेल्टा ०.३. नदी: क्षारता ०, डेल्टा उणे २०. समुद्री बर्फ: क्षारता ४, डेल्टा ०.६. तिन्ही वाट्यांची बेरीज १, क्षारतेचा ताळा आणि समस्थानिकांचा ताळा, अशी तीन समीकरणं. नमुन्याची क्षारता ३० आणि डेल्टा उणे २ असेल, तर नदीचा वाटा ११.४ टक्के आणि वितळलेल्या बर्फाचा ३.१ टक्के येतो. क्षारता तीच ३०, पण डेल्टा उणे ३ निघाला, तर नदी सुमारे १६ टक्के आणि बर्फ उणे २.४! हे उणे चिन्ह चूक समजू नकोस. वितळण्यापेक्षा गोठणं जास्त झालं, बर्फ वाहून गेला आणि त्यातून निथळलेला खारेपणा पाण्यात राहिला, असा त्याचा अर्थ. मला या पद्धतीतलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

आता नदीचा डेल्टा उणे २० ऐवजी उणे १८ धरून पहिलाच नमुना सोडव. नदी १२.६ टक्के होते आणि बर्फ ३.१ वरून १.७ वर घसरतो. त्यामुळे कोणते आकडे धरलेस ते प्रत्येक तक्त्याखाली लिही, नाहीतर दोन मोहिमांची तुलना करण्यात अर्थ नाही.

बाटलीपाशीची काळजीही तितकीच महत्त्वाची. निस्किन, म्हणजे खोलवरचं पाणी धरून आणणारी बाटली, वर आली की आधी वरचा व्हेंट (हवेचं छिद्र) बंद ठेवूनच खालची तोटी उघडून बघ. पाणी वाहिलं तर ती बाटली गळकी आहे, तशी नोंद कर. वायूंचे नमुने सर्वांत आधी, क्षारतेचा शेवटी. समस्थानिकांसाठी काचेची छोटी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळ, झाकण घट्ट आवळ, वरून पॅराफिन फिल्म गुंडाळ. गोठवू नकोस, काच तडकते. झाकण सैल राहिलं तर हलके रेणू आधी उडतात आणि डेल्टा वर सरकतो. ०.१ दर हजारीची चूक म्हणजे नदीच्या वाट्यात अर्धा टक्का. ५० मीटर जाडीच्या थरात पाव मीटर गोडं पाणी कागदावरून नाहीसं! वरचे काही मीटर जहाजाचा पंखा घुसळतो, तेव्हा वितळलेल्या पाण्याचा पातळ थर पकडायचा तर जहाजापासून दूर, बर्फावरून किंवा छोट्या होडीतून नमुना घ्यावा लागतो.

पॅसिफिकचं पाणी वेगळं काढायला नायट्रेट आणि फॉस्फेट मोज. बेरिंग सामुद्रधुनीतून येणाऱ्या या पाण्यात फॉस्फेटच्या मानाने नायट्रेट कमी असतं, कारण उथळ तळातले जिवाणू ते संपवतात. पण सैबेरियाच्या उथळ समुद्रातही हेच घडतं, आणि तिथलं पाणी पॅसिफिकचं असल्याचा भास होतो. या आकड्यांवर ऑक्सिजन-१८ इतका भरवसा टाकू नकोस.

पाणी पृष्ठभाग सोडून किती वर्षं झाली, हे हवेतून पाण्यात विरघळलेले सीएफसी-१२ (शीतयंत्रांत वापरला गेलेला वायू) आणि सल्फर हेक्झाफ्लोराइड हे मानवनिर्मित वायू सांगतात. हवेतलं सीएफसी-१२ या शतकाच्या सुरुवातीपासून उतरतंय, म्हणून अलीकडच्या पाण्याला एकाच आकड्याची दोन वर्षं जुळतात; दुसरा वायू अजून वाढतोय, तो तिढा सोडवतो. बर्फाखाली पाणी हवेशी पुरतं समतोल होत नाही, त्यामुळे वय खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. जहाजातल्या शीतयंत्राची गळतीही नमुना बिघडवते. नमुने घ्यायच्या जागेची हवा अधूनमधून मोजून घ्या.

पहिल्या स्टेशनचे (नमुने घेण्याच्या ठिकाणाचे) आकडे हाती आले की क्षारता आणि डेल्टा दोन्ही पाठव, मी इथे ताळा करून ठेवतो.

तुझा,
अनिरुद्ध