कन्सेप्ट म्हणजे फोटोखालची ओळ नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत नव्या फर्निचरचं पान बघितलं. फोटो झकास आहेत, वाद नाही, पण प्रत्येक फोटोखाली 'कन्सेप्ट' म्हणून जे छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लाटेवरून सुचलेला सोफा, पानावरून सुचलेलं टेबल, आणि एक खुर्ची तर म्हणे 'शांततेचा अनुभव' देते. आता त्या खुर्चीत माणूस पाठ कुठे टेकवणार हे मला तरी फोटोत दिसलं नाही, शांतता लांबच राहिली.

मी स्वतः फर्निचर डिझाइन करतो, अधूनमधून विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट बघायलाही जातो. तिथेही हेच चालतं, आधी छानसं स्केच, मग कॉम्प्युटरवर गुळगुळीत थ्रीडी, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री त्याला कन्सेप्ट चिकटवायचा, म्हणजे वरातीमागून घोडं. मुलांना तरी काय बोलणार, मीही सुरुवातीला तेच केलंय.

माझ्या मते कन्सेप्ट म्हणजे कुणाची तरी नेमकी अडचण, एका साध्या वाक्यात. नॉर्वेचे फर्निचर डिझायनर पीटर ऑप्स्विक यांचं बघा. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा बाळाच्या खुर्चीत मावेना आणि मोठ्यांच्या खुर्चीत बसला की पाय लोंबकळायचे, टेबलापर्यंत हातही नीट पोचेना. मूल वाढतं, खुर्ची वाढत नाही, बस्स एवढंच. त्यातून १९७२ मध्ये ट्रिप ट्रॅप खुर्ची आली, जिच्यात बसायची फळी आणि पाय ठेवायची फळी दोन्ही खाचांमधून वर-खाली, पुढे-मागे सरकवता येतात. दिसायला ती एकदम वेगळी आहे, पण तो आकार नंतर आला, आधी ते लोंबकळणारे पाय दिसले.

फिनलंडचे आर्किटेक्ट अल्वार आल्टो यांनी पायमिओच्या क्षयरोग रुग्णालयासाठी १९३०च्या सुमारास काम केलं तेव्हा पाठीचा कोन ठरवताना पेशंटला श्वास सोपा जावा हे बघितलं, आणि फॅशनमधला स्टीलचा पाइप थंड लागतो म्हणून लाकूड वाकवून खुर्ची केली. त्याच इमारतीत हात धुवायचं बेसिन असं बनवलं की पाणी पडताना आवाज कमी व्हावा, शेजारच्या पेशंटची झोप मोडू नये! हे वाचलं तेव्हा मी खरंच उठून घरातलं बेसिन चालू करून ऐकलं होतं.

आणि अडचण दरवेळी बसणाऱ्याचीच असते असंही नाही. फर्निचर बनवणारे थोनेट यांची १९५९ची नव्हे, १८५९ची बरं का, वाफेवर वाकवलेल्या लाकडाची कॅफे खुर्ची सहा भागांची होती, सुट्या करून अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात जायच्या. तिथे प्रश्न लांब पाठवण्याचा होता. प्रेरणा घ्यायलाही माझी ना नाही. डिझायनर मार्सेल ब्रॉयर यांना १९२५ मध्ये सायकलच्या हँडलवरून स्टीलच्या पाइपच्या खुर्चीची कल्पना सुचली, पण त्यांनी सायकलचं चित्र काढून खुर्चीला डकवलं नाही, वाकवलेला पाइप हलका आणि मजबूत असतो ही गोष्ट उचलली. लाटेकडून आपण नेमकं काय उचलतो ते सांगा की.

माझ्याकडचं सांगतो. आईला सोफ्यावरून उठता यायचं नाही, आम्ही समजायचो गुडघे गेले. एक दिवस नुसतं बघत बसलो. उठताना माणूस आधी पाय मागे घेतो आणि मग पुढे झुकतो, पण आमचा सोफा खालून पेटीसारखा बंद, टाचा मागे जायला जागाच नाही, त्यात सीट खोल आणि मऊ, आणि सोफ्याचे हात सीटच्या कडेच्या आधीच संपलेले, म्हणजे जोर द्यायचा कशावर. पुढचा भाग खालून मोकळा केला, सीट थोडी उंच आणि कडक केली, हात पुढपर्यंत आणले. सोफा आता जरा बावळट दिसतो हे कबूल, पण आई हाक न मारता उठते. गुडघे तेच आहेत.

अजून एक विषय तर घराघरात पडून आहे. बेडरूममधली ती खुर्ची, जिच्यावर कुणी बसतच नाही. एकदा घातलेले कपडे, धुवायला टाकावे इतके मळलेले नाहीत आणि कपाटात ठेवावे इतके स्वच्छ नाहीत, त्यांचा ढीग तिथे. आपण त्याला आळस म्हणतो, मला तर वाटतं ते न बनवलेलं फर्निचर आहे. कुणी विद्यार्थी वाचत असेल तर घ्या, फुकट देतो.

तुम्हाला एकच विनंती, पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा रिकाम्या खुर्चीचा फोटो नको, तिच्यात कुणीतरी बसलेलं दाखवा, आणि शक्य असेल तर उठताना.

आपला,
एक नियमित वाचक