पाटल्यांचंही लिही

प्रिय मित्रा,

परवा फोनवर मी नुसतं हं हं करत होतो. गाडीत मुलं होती, बोलता आलं नाही. तुझं पटलं असा अर्थ काढू नकोस, म्हणून लिहितोय.

तुम्ही वेगळे होताय यावर मी बोलणार नाही. तुम्ही दोघांनी किती सोसलंय ते मी पाहिलंय. पण फ्लॅट काकूंच्या नावे बक्षीसपत्र करून टाकायचा आणि दुकानाचं रोखीचं उत्पन्न शपथपत्रात दाखवायचंच नाही, हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

ताईच्या वेळी दाजींनी हेच केलं होतं. कागदावर उत्पन्न जवळपास शून्य. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ सांगतं. आमची दोन वर्षं गेली. बाबा दर तारखेला कापडी पिशवीत लग्नातल्या वस्तूंची यादी घेऊन जायचे. शेवटी भांडी परत आली ती पोत्यातून. आईने एकेक पुसून ओट्यावर मांडली. पातेल्यावर आजीचं नाव, तांब्यावर मोठ्या मामांचं, खाली लग्नाची तारीख कोरलेली. ताईने एकालाही हात लावला नाही. ती पोती अजून माळ्यावर आहेत.

तेव्हा नवऱ्याचं उत्पन्न शोधून काढायचं ओझं तिच्यावरच पडलं होतं. आता तसं राहिलेलं नाही. ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं, की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मिळकत, मालमत्ता आणि कर्ज शपथेवर उघड करायचं. पोटगीही अर्ज केल्याच्या तारखेपासून लागू होते, त्यामुळे तारखा लांबवून तुझे पैसे वाचणार नाहीत, थकबाकी तेवढी वाढेल. पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ च्या जागी आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय, पण थकवली तर तुरुंगाची तरतूद तशीच आहे. आणि खोटं शपथपत्र उघडं पडलं तर तो वेगळाच गुन्हा. तेव्हा कोर्टात वकील नाही, तू उभा असशील.

बक्षीसपत्राचंही तेच. घर सासूच्या नावावर केलं म्हणजे सुनेचा राहण्याचा हक्क संपला, असं होत नाही. २०२० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ती जिथे संसार करत होती ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली ते सामायिक घर ठरू शकतं. काकूंना या वयात कोर्टाच्या बाकावर बसवणार आहेस का?

तू म्हणालास, आपल्याकडे बायकोला अर्धा वाटा मिळत नाही. खरं आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी धरतात. महाराष्ट्रात तसं नाही, आणि मला तो अन्याय वाटतो. पण कायदा देत नाही म्हणून तिचं काहीच नव्हतं असं तू तरी म्हणू नकोस. सराफाकडे तुमच्याबरोबर मी होतो. वहिनींच्या आईने दिलेल्या पाटल्या निघता निघेनात. सराफाने साबणाचं पाणी मागवलं, मनगट लाल झालं. वजन झाल्यावर त्यांनी पदराने हात पुसला आणि म्हणाल्या, "आता बिल्डरकडे जाऊ या." त्याच पैशांत तुझा पहिला हप्ता भरला गेला. पाटल्या स्त्रीधन होत्या. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलंय, की स्त्रीधन पत्नीचंच, नवरा-बायकोचं सामायिक नाही. अडचणीत नवऱ्याने वापरलं तरी परत करणं हे त्याचं नैतिक कर्तव्य आहे.

तुझी बाजूही आहे. गोडाऊनचं कर्ज, काकूंचं औषधपाणी, सगळं लिही. शपथपत्रात त्यालाही जागा असते. वहिनींच्या शिकवण्यांचे पैसे येतात, ते त्यांना दाखवावे लागतीलच. छकुलीच्या शाळेची फी मात्र तू आधी स्वतःहून मांड, तिला मागायला लावू नकोस.

बक्षीसपत्रावर अजून सही केली नसशील तर थांब. रविवारी सकाळच्या गाडीने येतो. दुकानाच्या वह्या, बँकेची तीन वर्षांची स्टेटमेंट्स आणि कर्जाचे कागद काढून ठेव. सराफाची पावती फ्लॅटच्या फायलीत, मागच्या कप्प्यात असेल. तूच माझ्यासमोर ठेवली होतीस.

काकूंना नमस्कार.

तुझाच