काकाजी, मोरचुदाचं रसायनशास्त्र तुम्ही शिकवलंत

आदरणीय काकाजी,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हाती देणारच आहे, पण चारचौघांनीही वाचावं म्हणून उघडच लिहिते. वरुड-मोर्शीकडच्या संत्रावाल्यांच्या ते कामी येईल, आणि धातूंची क्रियाशीलता श्रेणी पाठ करणाऱ्या पोरांच्याही.

मामंजी गेल्यावर बाग माझ्याकडे आली तेव्हा कितीतरी झाडांची बुंध्याजवळची साल फाटून डिंक वाहत होता. डिंक्या रोग आहे, साल तासा, बोर्डो लावा, असं जो तो सांगून जाई. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेलं बुरशीनाशक. दोन शेतांमधला धुरा ओलांडून येऊन हाताने करून दाखवलंत ते तुम्ही.

त्या दिवशी गड्याने चुना भिजवायला जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनिअमचं, पातेलं आणलं आणि तुम्ही ते तिथल्या तिथे परत पाठवलंत. मोरचुदासाठी काढलेली लोखंडी टाकीही बाजूला सारलीत. प्लास्टिकचे ड्रम मागवलेत. मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेलं, त्यामुळे कारण डोक्यात लगेच जुळलं. चुन्याचं पाणी अल्कधर्मी, त्यात ॲल्युमिनिअम विरघळतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचं पाणी थोडं आम्लधर्मी असतं, शिवाय लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. लोखंड स्वतः पाण्यात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं. टाकी पोखरते ती वेगळीच, पण ज्या तांब्यासाठी पैसे मोजले तेच टाकीच्या भिंतीला चिकटून बसतं. जस्त चढवलेली बादली घेतली तर जस्त हे काम लोखंडाहूनही जोरात करतं. हे सगळं मला परीक्षेपुरतं येत होतं. टाकी निवडताना ते वापरायचं असतं, हे तुमच्याकडे पाहून कळलं.

फवारणीच्या एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद फडक्यात बांधून ५० लिटर पाण्यात लटकवलंत. एक किलो कळीचा चुना विरवून, गाळून दुसऱ्या ५० लिटरमध्ये. मग चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी हळूहळू ओतायचं आणि काठीने ढवळत राहायचं. आभाळासारखा निळा रंग आला तेव्हा मला वाटलं, झालं काम. तुम्ही म्हणालात, “रंगावर जाऊ नको, इळ्याले इचार.”

विळ्याचं पातं दगडावर घासून चकचकीत केलंत, कारण गंजलेल्या किंवा तेलकट पात्यावर काही नीट दिसत नाही. मिनिटभर मिश्रणात बुडवून बाहेर काढलंत. धारेवर तांबूस थर आला होता, नखाने खरवडला की निघेल इतका पातळ. ते तांबं होतं. म्हणजे मिश्रणात मोरचूद अजून मोकळं होतं, आणि तसंच फवारलं असतं तर कोवळी पानं करपली असती. तुम्ही आणखी चुन्याचं पाणी घातलंत, पुन्हा पातं बुडवलंत, असं करत करत पातं कोरंच बाहेर येईपर्यंत थांबला नाहीत. तांबं चुन्याशी बांधलं गेलं, न विरघळणारं झालं, की लोखंडाला ते बाहेर काढता येत नाही.

किलोला किलो बरोबर घेऊनही असं का, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही चुन्याचं पोतं उघडून दाखवलंत. उघड्यावर राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडूसारखा होतो. वजन भरतं, जोर भरत नाही. म्हणून मोजमाप पाळूनही दरवेळी पाहावंच लागतं. माझ्या मते बोर्डोच्या प्रत्येक माहितीपत्रकात प्रमाणाच्या आधी ही ओळ छापायला हवी.

तुम्ही विचारलं होतंत, हे नाव कुठलं? फ्रान्समधल्या बोर्डो शहराचं. तिकडे मेदोक भागात रस्त्याकडेची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बाकीच्या वेलींची पानं केवड्याने गळाली, या मात्र हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली. नाशिकचे द्राक्षवाले आजही डावणीवर, म्हणजे याच केवड्यावर, हेच फवारतात.

खोडाला लावायची पेस्ट, एक किलो, एक किलो आणि दहा लिटर, तीही तुम्हीच कालवून दिलीत. तासलेल्या जागी आता नवी साल धरतेय. काही झाडं गेली, ती वाचण्यापलीकडची होती. बाकीची उभी आहेत ती तुमच्यामुळे, हे मी घरात सगळ्यांना सांगितलंय. मजुरी विचारली तर रागावलात, म्हणून हे पत्र. तुमचे उपकार मी मनापासून मानते.

यंदा मृगाच्या आधी तुमच्या बागेतल्या खोडांना पेस्ट लावायला आमची माणसं पाठवते. चुना ताजा आणलाय, पोतं बांधून ठेवलंय. नाही म्हणू नका.

तुमची,
धुऱ्याला धुरा लागून असलेली सूनबाई