प्लेट कॉलमच्या चित्रात डाउनकमर कुठे आहे?

मा. संपादक,
नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरी बनवलेल्या प्लेट कॉलमवर लेख आला तो मी दोनदा वाचला, विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, नोकरीची बरीच वर्षं डिस्टिलेशन कॉलमसमोर, म्हणजे द्रव उकळून वेगळे करणाऱ्या उभ्या नळकांड्यांसमोर गेलीत, त्यामुळे मराठी पेपरात बबल कॅप (प्लेटच्या भोकावरची टोपी) आणि रिफ्लक्स हे शब्द छापलेले बघून खरंच आनंद झाला. पण लेखासोबतचं चित्र आणि लेखातलं एक वाक्य, हे दोन्ही तसंच सोडून देणं मला जमलं नाही. चित्रात एका उभ्या पाइपात भोकं पाडलेल्या चकत्या एकावर एक ठेवल्यात आणि काम झालं, डाउनकमर, म्हणजे द्रवाला खाली यायची वाट, नाहीच. आणि वाक्य असं की प्लेटा जितक्या जास्त तितकं अल्कोहोल शुद्ध, आणि शुद्ध म्हणजे सुरक्षित. त्यातलं पहिलं अर्धवट खरं आहे, दुसरं साफ चूक आहे, आणि ती चूक कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

आधी प्लेट नेमकं करते काय ते सांगतो. पाणी १०० अंशाला उकळतं, इथेनॉल ७८.४ ला, म्हणून लोकांना वाटतं की मिश्रण तापवलं की ७८ ला सगळं अल्कोहोल निघून जातं आणि मागे पाणी राहतं. तसं होत नाही. दोघं मिसळलेले असले की दोघांची वाफ एकत्रच निघते, फक्त वाफेत अल्कोहोलचा वाटा खालच्या द्रवापेक्षा जास्त असतो. आकारमानाने १० टक्के अल्कोहोलचा वॉश, म्हणजे आंबवलेलं पाणी, उकळून ती वाफ थंड केली तर साधारण ५० च्या थोडं वर भरते. तेच परत उकळलं तर ८० च्या आसपास, तिसऱ्यांदा ८७-८८. पहिली उडी केवढी आणि पुढच्या किती बारक्या ते बघा. शेवटी वजनाने ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते, तिथे वाफेतलं आणि द्रवातलं प्रमाण एकच होतं, ७८.२ अंशाला ते तसंच उकळत राहतं, मग अजून शंभर प्लेटा लावा, काही फरक पडत नाही.

प्लेट कॉलम म्हणजे हे परत परत उकळणं एकाच नळकांड्यात आणि एकाच हीटरवर करायचं. खालून आलेली वाफ प्लेटवरच्या द्रवातून बुडबुडे काढत वर जाते, जाताना तिच्यातलं पाणी जास्त करून द्रव होऊन तिथेच राहतं, त्यात जी उष्णता सुटते तिच्यावरच प्लेटवरचं अल्कोहोल वाफ होऊन वर निघतं. प्रत्येक मजल्यावर वेगळा जाळ लागत नाही, आणि इतकी वर्षं बघूनही मला हे फार सुंदर वाटतं. कल्पना जुनी आहे, फ्रान्समध्ये सेलिए-ब्लुमेन्थाल यांनी १८१३ ला कॉलमचं पेटंट घेतलं, मग आयर्लंडच्या ईनियस कॉफींचं १८३० चं पेटंट, आणि हे कॉफी आधी तिथल्या एक्साइज खात्यातच मोठ्या पदावर होते. किती प्लेटा लागतील हे कागदावर पायऱ्या काढून मोजायची जी पद्धत आजही इंजिनिअरिंगला शिकवतात ती मॅकेब आणि थिली यांची, १९२५ ची.

आता डाउनकमर. वाफ वर जायची असेल तर द्रव खाली यायला वेगळी वाट पाहिजे, ती वाट म्हणजे डाउनकमर, प्लेटच्या एका कडेला बसवलेला उभा तुकडा किंवा बारकी नळी. तिचं वरचं तोंड प्लेटपेक्षा थोडं उंच ठेवतात म्हणजे प्लेटवर तेवढा द्रव कायम साचून राहतो, आणि खालचं टोक खालच्या प्लेटवरच्या द्रवात बुडलेलं असतं. हे बुडणं फार महत्त्वाचं. ते टोक उघडं राहिलं तर वाफ भोकांतून द्रव ढवळत जायचं सोडून सरळ डाउनकमरमधून वर निघून जाते, कारण तिला सोपी वाट मिळाली, आणि ती प्लेट असून नसल्यासारखी. सगळ्यात खालच्या प्लेटच्या डाउनकमरखाली तर दुसरी प्लेटच नसते, म्हणून तिथे एक छोटी वाटी लावतात, टोक तिच्यात बुडवायला. ही वाटी घरगुती डिझाइनमध्ये हमखास विसरली जाते. लागोपाठच्या प्लेटांचे डाउनकमर समोरासमोरच्या कडेला असतात, म्हणजे द्रवाला प्रत्येक वेळी पूर्ण प्लेट आडवी पार करावी लागते. डाउनकमर नसलेल्या प्लेटाही असतात हे मला माहीत आहे, त्यात वाफ आणि द्रव त्याच भोकांतून ये-जा करतात, पण त्या अगदी अरुंद रेंजमध्येच नीट चालतात आणि लेखात त्याबद्दल एक अक्षर नाही.

आणि रिफ्लक्सशिवाय प्लेटांना अर्थच नाही. वरच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करून द्रव करणाऱ्या भागात, जे थंड होतं त्यातला बराच भाग परत कॉलममध्ये सोडावा लागतो, तोच प्लेटांवरून खाली उतरतो, हाच रिफ्लक्स. सगळंच बाहेर काढून घेतलं तर वरच्या प्लेटा कोरड्या पडतात, मग सहा असोत की सोळा. प्लेट मोजून शुद्धता सांगणाऱ्यांनी रिफ्लक्स किती ठेवला ते आधी सांगावं. शिवाय खरी प्लेट कागदावरच्या प्लेटइतकं काम कधीच करत नाही, कमीच करते.

साइट ग्लासमधून, म्हणजे कॉलमला बसवलेल्या काचेच्या खिडकीतून, चालू प्लेट ज्याने बघितली नाही त्याला हे नुसतं वाचून कळणार नाही. नीट चालत असेल तर काचेआड स्वच्छ द्रव दिसतच नाही, पांढरट फेस दिसतो, सतत उसळणारा, एका उंचीवर टिकून राहिलेला, आणि कडेला डाउनकमरमध्ये मात्र द्रव शांत उतरत असतो. हीटर कमी केला की फेस बसतो, भोकांतून थेंब खाली गळायला लागतात, त्याला वीपिंग म्हणतात. हीटर वाढवत नेला की फेस वरच्या प्लेटला जाऊन भिडतो, डाउनकमर तुंबतो, द्रवाला खाली यायला जागाच उरत नाही आणि अख्खा कॉलम भरत जातो, ते फ्लडिंग. अशा वेळी आउटलेटमधून कच्चा वॉशसुद्धा उसळून बाहेर येऊ शकतो. नवशिक्या माणूस माल जास्त यायला लागला म्हणून खूश होतो आणि हीटर तसाच ठेवतो.

सगळ्यात जास्त काळजी मला ज्याची वाटली ते म्हणजे चित्रात कॉलमच्या डोक्यावर बूच दाखवलंय. बॉयलरपासून, म्हणजे खालच्या उकळायच्या भांड्यापासून, हवेपर्यंतची वाट कधीही, कुठेही बंद होता कामा नये, त्या वाटेवर व्हॉल्व्ह नको, बूच नको, कोंदून भरलेली जाळी नको. १ लिटर अल्कोहोलची वाफ जवळजवळ ५०० लिटर होते, १ लिटर पाण्याची १७०० च्या आसपास, ती कोंडली तर पत्रा फाटतो. आणि मोकळी वाट ठेवली म्हणजे काम संपलं असंही नाही, कंडेन्सरचं पाणी मध्येच बंद पडलं तर तीच वाफ त्याच वाटेने खोलीत येणार. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा दीडपटीहून जड असते, ती फरशीजवळ साचते, हवेत ३.३ टक्के झाली की पेट घेऊ शकते आणि ज्योत इतकी फिकट निळी असते की दिवसाउजेडी पटकन दिसतही नाही. म्हणून उघड्या आगीवर अल्कोहोल उकळायचंच नाही, बंद खोलीत तर अजिबात नाही, आणि कॉलम चालू असताना तिथून हलायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. गाडीचा जुना रेडिएटर कंडेन्सर म्हणून लावणारे लोक असतात, त्याच्या जोडांत शिसं असतं आणि आत कूलंटचा अंश राहिलेला असतो, दोन्ही विषच. तांबं लोक वापरतात त्याला कारण आहे, वाफेतली गंधकाची घाण ते धरून ठेवतं आणि स्वतः काळं पडतं, पण जोड शिशाच्या सोल्डरने केला तर त्या तांब्याचा काय उपयोग?

आता ते "शुद्ध म्हणजे सुरक्षित". वाचकाने याचा अर्थ असा घेतला की प्लेटा मिथेनॉल काढून टाकतात, माझ्या ओळखीतल्या दोघांनी तसाच घेतला. मिथेनॉल ६४.७ ला उकळतं हे खरं, म्हणून पहिली धार फेकली की झालं असं सगळे सांगतात. पण पाणी जास्त असलेल्या मिश्रणात मिथेनॉल आणि इथेनॉल बऱ्यापैकी बरोबरीने निघतात, साध्या भांड्यात तर मिथेनॉल पहिल्या धारेपासून शेवटपर्यंत थोडं थोडं येतच राहतं. चांगल्या कॉलममध्ये ते डोक्याशी थोडं जमा होतं, तरीही कारखान्यात ते काढायला वेगळा कॉलम लावतात, सोबत लॅब असते, टेस्टिंग असतं. साध्या आंबवलेल्या साखरेत मिथेनॉल मुळातच नगण्य असतं, फळांच्या पेक्टिनमधून थोडं येतं. माणसं जी मोठ्या संख्येने मरतात ती बहुतेक वेळा कुणीतरी इंडस्ट्रियल मिथेनॉल मिसळल्यामुळे, आणि तसला माल घरच्या कॉलममधून काढून कुणी "शुद्ध" करायला बसला तर त्याला आणि पिणाऱ्याला देवच वाचवो. वासाने, चवीने, ज्योतीच्या रंगाने हे ओळखता येत नाही. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक ॲसिड होतं, ते डोळ्यांच्या नसेवर जातं, आणि त्रास कधीकधी १२ ते २४ तासांनी सुरू होतो, तोपर्यंत माणूस ठीक वाटतो. अंधुक दिसायला लागलं, पोटात दुखलं, श्वास जोरात चालायला लागला तर झोपून बघू असं करू नका, थेट हॉस्पिटल, यावर उपचार आहेत पण वेळेत पोचलं तरच. हे चार ओळींत लेखात बसलं असतं.

कायद्याबद्दल लेख गप्प आहे, ते बरोबर नाही. बहुतेक देशांत लायसन्सशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे, न्यूझीलंडसारखे स्वतःपुरती परवानगी देणारे देश थोडेच. वाचकाला हे आधी सांगायला पाहिजे, कॉलम बनवून झाल्यावर नाही.

मुलांना, विद्यार्थ्यांना किंवा कुणालाही प्लेट कॉलम समजून घ्यायची खरी हौस असेल तर अल्कोहोलची गरजच नाही, हे मला मनापासून सांगायचंय. पारदर्शक ॲक्रिलिकचा पाइप घ्या, तीन-चार भोकांच्या प्लेटा आणि त्यांचे डाउनकमर बसवा, वरून छोट्या पंपाने पाणी सोडा, खालून ब्लोअरने हवा. आग नाही, वाफ नाही, कायद्याची भानगड नाही, आणि फेस, वीपिंग, फ्लडिंग सगळं डोळ्यांसमोर, एका हाताने हवा कमीजास्त करत. डाउनकमर मुद्दाम वर उचलून बघा, हवा कशी पळते ते लगेच कळेल. कॉम्प्युटरचा पंखा चालणार नाही, प्रत्येक प्लेटवरच्या पाण्याला ढकलण्याइतकं प्रेशर त्यात नसतं, ब्लोअरच लागतो, आणि त्याचा पाइप आधी वर नेऊन मग खाली आणा, नाहीतर ब्लोअर बंद केल्या केल्या सगळ्या प्लेटांवरचं पाणी गळून मोटरमध्ये शिरेल. पाण्यात थोडी शाई टाकली तर डाउनकमरमधली लेव्हल लांबूनही दिसते.

आपला वाचक,
डिस्टिलेशन प्लांटचा एक जुना ऑपरेटर