ठिपका पुसणारा नातू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या इंग्रजी चित्रपटावरचा लेख वाचला. आठवण काढलीत, आभार. १९६२ साल, डेव्हिड लीन, सात ऑस्कर, सगळे जिथल्या तिथे. पण शेवटी लेखकमहाशय सुचवतात की चित्रपट जरा संथ आहे, तेव्हा मोबाइलवर थोडा थोडा करून पाहावा. धन्य!

हा प्रयोग मी करून बसलो आहे. गेल्या दिवाळीत नातवाला विहिरीचा प्रसंग मोबाइलवर दाखवला. लांब क्षितिजावर एक काळा ठिपका थरथरू लागतो, संगीत नाही, कोणी बोलत नाही. नातवाने काय करावे? शर्टाच्या बाहीने काच पुसली! त्याला वाटले, कचरा आहे. तो कचरा म्हणजे उंटावरून येणारा ओमर शरीफ. त्या मृगजळासाठी छायालेखक फ्रेडी यंग यांनी ४८२ मिलिमीटरची, लांबचे जवळ आणणारी लेन्स जॉर्डनच्या वाळवंटात नेली होती. ७० मिलिमीटर फिल्मच्या भव्य पडद्यासाठी केलेली ही मेहनत आम्ही तळहातावर बघायची, तीही बसमध्ये, धक्के खात. पोराला दोष देत नाही. माझीच चूक.

मी तो ठिपका पाहिला १९७१ साली, मुंबईत, मोठ्या मामांबरोबर, पुनःप्रदर्शनात. तो जवळ येईपर्यंत थिएटरात शेंगदाण्याची पुडीही वाजली नाही. तुमच्या लेखकांना हाच भाग संथ वाटला असावा.

आणि आपले हिंदीतले विनोदी नट आय. एस. जोहर कुठे गेले? दोन रकान्यांच्या लेखात एक ओळही नाही! लॉरेन्सबरोबरच्या अरबांतल्या कासिमचे काम त्यांनीच केले आहे. ‘जोहर मेहमूद इन गोवा’ बघितलेले आमचे पब्लिक त्यांचा चेहरा दिसताच हसायला लागले. मामांनी कोपर मारले, “आला बघ आपला जोहर!” हाच कासिम उंटावरून पडून वाळवंटात मागे राहतो आणि सगळे नको म्हणत असताना लॉरेन्स त्याला आणायला एकटा परत जातो. पुढे तुर्कांवरच्या हल्ल्याच्या आदल्या रात्री खून होतो. अरब टोळ्यांत वैर पेटू नये म्हणून गुन्हेगाराला परक्याने, म्हणजे इंग्रज लॉरेन्सनेच मारायचे ठरते. लॉरेन्स पिस्तूल घेऊन पुढे होतो, गुन्हेगार मान वर करतो, तर कासिम! मघाशी हसणारी माणसे एकदम गप्प. मामा घरी पोहोचेपर्यंत बोलले नाहीत. बोरीबंदरला चहा पाजायचे कबूल केले होते, तेही विसरले.

तेव्हा लेखकांनी चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिला आहे का, की तोही थोडा थोडा करून, एवढे कळवावे. जोहर बहुधा त्यांच्या गाळलेल्या तुकड्यात गेले असतील.

जाता जाता : लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘ओमर शरीफ’ असे छापले आहे. ते अँथनी क्विन आहेत. नाक बघा. आणि शब्दकोड्याचे आकडे एवढे बारीक का केलेत? भिंग घेऊन सोडवतो आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा